दोन हरलेल्यांची बेरीज

यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीच्या पानठेल्यावर खर्रा घोटायला घेतला, की पन्नीचा चुरचुर आवाज येतो. आत सुपारी, तंबाखू आणि चुना. गिऱ्हाईक अजून दहा पावलांवर असतं. खर्रा तोंडात गेलेला नसतो, निकोटीनचा कणसुद्धा रक्तात उतरलेला नसतो; तरी तेवढ्या आवाजानं त्याच्या डोक्यात काहीतरी हललेलं असतं. तोंडाला पाणी सुटतं, हात खिशाकडे जातो आणि सकाळी घरी दिलेला शब्द कुठल्या कुठे उडून जातो.

हा शब्द इतक्या सहज का उडतो, याचा एक धागा माकडांनी दाखवून दिला. स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबूर्ग विद्यापीठात वोल्फ्राम शुल्त्झ हे शास्त्रज्ञ माकडांच्या मेंदूतल्या डोपामीन तयार करणाऱ्या पेशींचं काम नोंदवत होते. माकडाला फळांच्या रसाचा थेंब मिळाला, की या पेशी उसळायच्या. मग रसाच्या आधी एक दिवा लावायला सुरुवात झाली. माकडाला दिव्याचा अर्थ कळला आणि नवल घडलं: पेशी आता दिवा लागताच उसळू लागल्या आणि प्रत्यक्ष रस मिळाला तेव्हा गप्प राहिल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर त्यांचं काम नेहमीपेक्षाही खाली घसरायचं. म्हणजे मेंदूला खरी ओढ लावतो तो घोटाच्या आधीचा इशारा. पन्नीचा आवाज, देशीच्या दुकानाचं वळण, आठवडी बाजारात भेटलेला जुना सोबती, हे सगळे दिवेच.

१९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांनी आणखी एक गोष्ट मांडली. एखादी वस्तू आवडणं आणि ती हवीशी वाटणं ही मेंदूची दोन वेगवेगळी कामं आहेत. व्यसन जसं मुरत जातं, तशी आवड कमी होत जाते आणि हाव मात्र वाढत जाते. ‘मला दारूचा तिटकारा आहे, तरी मी पितो,’ असं सांगणारा माणूस आपल्याला लबाड वाटतो. तो बहुतेक वेळा शब्दशः खरं बोलत असतो.

ही तक्रार जुनी आहे. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी पौलानं रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं. त्याच्या सातव्या अध्यायात तो स्वतःविषयी हेच सांगतो: जे करावंसं वाटतं ते हातून होत नाही, आणि ज्याचा द्वेष वाटतो तेच घडतं. पौलाच्या डोळ्यांपुढे दारू नव्हती, माणसाचा एकूण स्वभाव होता. पण इच्छाशक्ती एका बाजूला आणि हातपाय दुसऱ्या बाजूला, ही फाळणी त्यानं नेमकी पकडली होती.

यातून एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. बिघाड इच्छाशक्तीच्या खालच्या मजल्यावर असेल, तर ‘मन घट्ट कर’ या सल्ल्याचा उपयोग काय? आपल्याकडे दारुड्याला सगळ्यात जास्त मिळणारी गोष्ट हा सल्लाच असतो. ख्रिस्ती परंपरेनं हा प्रश्न उलट्या टोकानं हाताळला. तिनं सुरुवातच अशी केली: माझं मन हरलेलं आहे, हे आधी मान्य कर. या विचित्र सुरुवातीतून एक पद्धत कशी घडत गेली, ती गोष्ट इजिप्तच्या वाळवंटातून अमेरिकेमार्गे मुंबईच्या बांद्र्यापर्यंत येते.

वाळवंटातले निरीक्षक

चौथ्या शतकात इव्हाग्रियस नावाचा एक बुद्धिमान धर्मोपदेशक कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये नावारूपाला आला होता. तिथे तो एका विवाहित स्त्रीच्या प्रेमात अडकला, शहर सोडून जेरुसलेमला पळाला आणि अखेर इजिप्तच्या वाळवंटात संन्याशांमध्ये जाऊन राहिला. इ. स. ३९९ मध्ये तो तिथेच वारला. वाळवंटात बाजार नव्हता, मेजवान्या नव्हत्या, स्त्रिया नव्हत्या. तरी मोह होतेच. बाहेरचं सगळं काढून टाकल्यावर उरलेला मोह आतून येतो, हे त्या संन्याशांना लख्ख दिसलं आणि ते त्याचं बारकाईनं निरीक्षण करू लागले.

इव्हाग्रियसनं अशा आठ वृत्तींची यादी केली: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, राग, मरगळ, बडेजाव आणि गर्व. ख्रिस्ती जगात पुढे प्रसिद्ध झालेली सात महापापं याच यादीतून निघाली. यादीपेक्षा मोलाचं होतं ते त्याचं एक निरीक्षण. या वृत्ती मनात येणं आपल्या हाती नाही. त्यांना मुक्काम करू द्यायचा की नाही, एवढंच आपल्या हाती आहे, असं तो सांगतो. व्यसनमुक्तीच्या आजच्या समुपदेशकाला यात बदल करावा असं फारसं काही सापडणार नाही. तलफ आली म्हणजे माणूस हरला, असं मुळीच नाही. तलफ येणारच.

मग मुक्काम कसा नाकारायचा? इव्हाग्रियसनं प्रत्येक वृत्तीसाठी शास्त्रातली छोटी छोटी वचनं गोळा केली, ऐन वेळी उच्चारायला. त्याच्या विचारांचा ठसा असलेला जॉन कॅसियन ही विद्या घेऊन आजच्या फ्रान्समधल्या मार्सेला गेला आणि त्यानं ती आणखी सोपी केली: एकच छोटी ओळ घ्या आणि सुखात, दुःखात, मोहात तीच म्हणत राहा. नामस्मरणावर वाढलेल्या मराठी माणसाला हे ओळखीचं वाटेल. ते नातं पुढे खरोखरच जुळलं. १९५० च्या दशकात जॉन मेन हा इंग्रज मलायात नोकरीला होता. तिथे स्वामी सत्यानंदांकडून तो मंत्रजप शिकला. पुढे तो बेनेडिक्टाइन संन्यासी झाला आणि कॅसियनचं लिखाण वाचताना त्याला आढळलं, की आपल्याच धर्माच्या तळघरात ही साधना दीड हजार वर्षं पडून आहे. त्यानं ‘मारानाथा’ हा जप लोकांना शिकवला. हा येशूच्या अरामी भाषेतला शब्द. प्रभूच्या येण्याची विनवणी करणारा.

एका छोट्या ओळीनं काय साधतं? तलफ पैनगंगेच्या पुरासारखी असते. चढताना वाटतं, आता सगळं गाव बुडवणार. पण पाणी चढत राहत नाही, ते ओसरतं. तलफेचा चढ बहुधा मिनिटांत मोजण्याइतका असतो. तेवढा वेळ तोंड आणि मन दुसऱ्या कशात तरी गुंतलेलं असेल, तर पूर ओसरल्याचं पाहायला माणूस शुद्धीवर असतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लॅट यांनी याच तत्त्वावर उपचार बसवला: तलफेशी झुंजायचं नाही, तिच्यामागे वाहतही जायचं नाही, ती वर जाताना आणि खाली येताना पाहायची. त्यांची प्रेरणा बौद्ध ध्यानाची होती. सिअॅटलच्या एका तुरुंगात त्यांच्या गटानं ज्या विपश्यनेचा अभ्यास केला, ती इगतपुरीहून जगभर गेलेल्या सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतली. पुढे २०१४ मध्ये सारा बोवेन आणि मार्लॅट यांचे इतर सहकारी यांनी २८६ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्राथमिक उपचार पूर्ण केलेल्यांपैकी ज्यांना सजगतेचं प्रशिक्षण मिळालं, ते वर्षभरानंतर इतरांपेक्षा कमी दिवस नशा करताना आढळले. इजिप्त आणि इगतपुरी, दोन्हीकडच्या साधकांनी प्रयोगशाळेविना एकच गोष्ट हेरली होती.

एका हॉटेलातला फोन

गोष्टीचं दुसरं वळण १९३० च्या दशकातलं. रोलंड हॅझर्ड हा अमेरिकन उद्योजक दारूपायी युरोपात कार्ल युंग यांच्याकडे उपचाराला गेला. युंग यांनी त्याला सांगितलं, की वैद्यकशास्त्राकडे तुझ्यासाठी आता काही उरलेलं नाही. आमूलाग्र असा आध्यात्मिक अनुभवच कदाचित तुला वाचवेल. मनोविश्लेषणाच्या एका आचार्यानं स्वतःच्या शास्त्राची हद्द इतक्या सरळपणे दाखवून द्यावी, हे विरळाच.

हॅझर्ड ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीत गेला. फ्रँक बुकमन या लुथरन पाळकानं ती उभारली होती. तिथली साधना साधी होती: आपल्या चुका दुसऱ्या माणसासमोर बोलून दाखवायच्या, ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई करायची, रोज शांत बसून देवाचं ऐकायचं आणि हे दुसऱ्यापर्यंत न्यायचं. हॅझर्डकडून ती वाट एबी थॅचर या पिणाऱ्या माणसाकडे गेली आणि थॅचरकडून न्यूयॉर्कमधल्या बिल विल्सन या बुडत चाललेल्या दलालाकडे.

डिसेंबर १९३४ मध्ये बिल न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये भरती झाला. तिथे एका रात्री हताश होऊन त्यानं देवाला हाक मारली आणि खोली प्रकाशानं भरून गेल्याचं त्याला जाणवलं. शंकेखोर वाचकाला इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या दवाखान्यात बेलाडोना या वनस्पतीपासून बनवलेलं औषध देत असत आणि त्यानं भास होऊ शकतात. प्रकाश देवाचा होता की औषधाचा, हा वाद न मिटणारा आहे. पण १९७१ मध्ये मरेपर्यंत बिलनं दारूला पुन्हा हात लावला नाही.

मला स्वतःला त्या प्रकाशापेक्षा पुढचे पाच महिने अधिक थक्क करतात. बिल न्यूयॉर्कभर पिणाऱ्यांना आपला अनुभव सांगत फिरला. एकही माणूस सुधारला नाही. पण ज्या काळात त्याचं कुणी ऐकलं नाही, त्याच काळात तो स्वतः कोरडा राहिला.

मे १९३५ मध्ये तो धंद्याच्या कामासाठी ओहायो राज्यातल्या अॅक्रन गावी गेला. काम फिसकटलं. मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यात तो एकटा उभा होता. एका बाजूला बारमधली गजबज, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. त्या क्षणी त्याला कळलं, की आपल्याला कुणा उपदेशकाची गरज नाही. आपल्याला बोलायला दुसरा दारुडा हवा आहे. त्यानं यादीतल्या एका पाळकाला फोन लावला. तिथून नावं मिळत हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंशी बोलणं झालं आणि त्यांनी १२ मे रोजी आपल्याकडे त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी घालून दिली.

डॉ. बॉब शल्यविशारद होते. ते ऑक्सफर्ड ग्रुपमध्ये जात होते, प्रार्थना करत होते आणि तरीही पीत होते. या नव्या माणसाला पंधरा मिनिटं द्यायची, असं ठरवून ते आले. बैठक काही तास चालली. बिलनं त्यांना उपदेश केला नाही. त्यानं स्वतःची फजिती सांगितली: चोरून पिणं, शपथा, दवाखाने. दारूविषयी स्वतःच्या अनुभवातून बोलणारा माणूस डॉक्टरांना पहिल्यांदाच भेटत होता. महिन्याभरात ते एकदा घसरले. मग १० जून १९३५ रोजी त्यांनी शेवटचा घोट घेतला. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ‘ए. ए.’, आपला जन्मदिवस तोच मानते.

१९३९ मध्ये या मंडळींनी आपल्या अनुभवाच्या बारा पायऱ्या पुस्तकात छापल्या. हार मान्य करणं, आपल्याहून मोठ्या शक्तीवर भिस्त ठेवणं, स्वतःचा झाडा घेणं, तो दुसऱ्या माणसासमोर उघडा करणं, नुकसानभरपाई, प्रार्थना, ध्यान आणि शेवटी हा निरोप दुसऱ्या पिणाऱ्याकडे नेणं. मुळं ख्रिस्ती होती, पण देवाची व्याख्या ज्याची त्यानं करावी असं ठरलं, कारण त्या छोट्या गटातही नास्तिक होते. या उदारपणामुळेच ती पद्धत पुढे मशिदी-मंदिरांच्या देशांतही रुजली.

त्याच वर्षी अॅक्रनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये सिस्टर इग्नेशिया या नन डॉ. बॉब यांच्याबरोबर दारुड्यांना भरती करून घेऊ लागल्या. बहुतेक दवाखाने तेव्हा अशा रुग्णांना दारातून परत पाठवत. घरी जाताना त्या प्रत्येकाच्या हातात येशूच्या पवित्र हृदयाचं छोटं चिन्ह ठेवत आणि एक वचन घेत: पुन्हा प्यावंसं वाटलं, तर पिण्याआधी हे मला परत आणून द्यायचं. या वचनाची करामत पाहा. त्यात ‘पिऊ नको’ असा शब्दच नाही. फक्त तलफ आणि घोट यांच्यामध्ये दवाखान्यापर्यंतची एक फेरी घातलेली आहे. एवढ्या वेळात पूर ओसरतो.

बांद्र्याचं चर्च आणि उघडलेली छाती

भारतात ए. ए. च्या बैठका १९५७ च्या सुमारास सुरू झाल्या. महाराष्ट्रात या साधनेला सगळ्यात वेगळं रूप मिळालं ते बांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये तिथे ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केलं. फादर जो हे कॅथलिक धर्मगुरू आणि त्याच वेळी पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. बारा पायऱ्या, ख्रिस्ती ध्यान आणि अय्यंगार पद्धतीची योगासनं त्यांनी एकाच छपराखाली आणली. ‘कृपा’ची केंद्रं पुढे वसईत आणि देशाच्या अनेक भागांत उभी राहिली, दारूबरोबर ड्रग्ज आणि एचआयव्ही यांचंही काम तिथे झालं. २००९ मध्ये फादर जो यांना पद्मश्री मिळाली.

धर्मगुरूनं दारुड्याला आसनं का शिकवावीत? याचं एक उत्तर मला कॅनडातल्या एका अभ्यासात सापडतं. जेसिका ट्रेसी आणि डॅनियल रँडल्स यांनी नुकतीच दारू सोडलेल्या माणसांना त्यांच्या शेवटच्या पिण्याविषयी बोलायला लावलं आणि त्याचं चित्रीकरण केलं. मग त्यांनी शब्दांकडे न पाहता शरीराकडे पाहिलं: खांदे किती पडलेत, छाती किती आक्रसली आहे. २०१३ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला. ज्यांच्या शरीरात लाज जास्त दिसली, ते पुन्हा प्यायची शक्यता जास्त होती आणि प्यायले तेव्हा जास्त प्यायले.

आपल्या गावांतली सगळी ‘सुधारणा’ लाजेवर उभी असते. चारचौघांत अपमान करायचा, मुलांची शपथ घालायची, सासऱ्यासमोर उभं करायचं. तो माणूस मान खाली घालतो, रात्री लाज विसरायला पितो आणि सकाळी आणखी लाजतो. ख्रिस्ती शिकवण या चक्रात एक पाचर मारते. स्वीकार आधी, सुधारणा नंतर. देवाचं प्रेम चांगल्या वागणुकीचं बक्षीस म्हणून मिळत नाही. हा विचार डोक्याला कितीही पटला तरी आक्रसलेली छाती तो लगेच ऐकत नाही. अय्यंगार पद्धतीत खुर्ची, लोड, दोर यांच्या आधारानं थकलेल्या शरीरालासुद्धा छाती उघडून विसावता येतं. लाजेचा पवित्रा शरीरातूनच सोडवायला लागला, तर मनाला कृपा मानणं थोडं सोपं जात असावं.

माळ, प्रार्थना आणि आडवी बाटली

विदर्भाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. ‘त्यानं माळ घातली’ एवढं म्हटलं, की दारू आणि मटण सुटलं हे वेगळं सांगावं लागत नाही. गाडगेबाबांनी कीर्तनातून दारूवर कोरडे ओढले. तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या ठेक्यावर तेच काम केलं. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण त्यांनी अभंग आणि कीर्तन सोडलं नाही. येशूची भक्ती त्यांनी त्याच साच्यात ओतली. यवतमाळशी तर मराठी ख्रिस्ती जगाचं जुनं नातं आहे. युनियन बिब्लिकल सेमिनरी ही पाळक घडवणारी संस्था १९५३ मध्ये यवतमाळलाच सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला जाईपर्यंत तीन दशकं तिथेच होती. याच जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ उमरीला मिशनचा दवाखाना उभा राहिला.

यवतमाळच्या बायकांनी व्यसनाला दुसऱ्या बाजूनंही धरलं आहे. ‘स्वामिनी’ आंदोलनानं जिल्ह्यात दारूबंदीची मागणी लावून धरली. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी १९७० च्या दशकापासून आहे. गावातलं दुकान बंद करायचं असेल, तर आपल्या राज्यात मतदानाची सोय आहे. उभी बाटली की आडवी बाटली? ठरलेल्या प्रमाणात मतं आडव्या बाटलीला पडली, की दुकान बंद. शुल्त्झ यांच्या भाषेत सांगायचं, तर बायका गावातला दिवाच विझवतात.

दिवा विझवण्याची ताकद केवढी असते, ते व्हिएतनाम युद्धानं दाखवलं. तिथल्या अमेरिकन सैनिकांपैकी जवळपास प्रत्येक पाचवा हेरॉइनच्या आहारी गेला होता. ली रॉबिन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी परतलेल्यांचा माग काढला, तेव्हा त्या व्यसनींपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले अवघे पाच टक्क्यांच्या आसपास निघाले. मुलूख बदलला, सोबती बदलले, इशारे मागे राहिले.

ढाणकीच्या माणसाची पंचाईत इथेच आहे. त्याला परत जायला दुसरा मुलूख नाही. तोच चौक, तेच सोबती, तोच कापूस विकल्यावरचा रोख पैसा. त्याला त्याच गावात राहून गाव बदलायचं असतं. प्रार्थनेची बैठक नेमकं हे करते. संध्याकाळी ज्या वेळेला पाय भट्टीकडे वळायचे, त्याच वेळेला जायला दुसरं घर मिळतं. हाक मारणारी दुसरी माणसं मिळतात. ऐकायला दुसरी गाणी मिळतात. हार्वर्डचे जॉन केली यांनी ए. ए. नेमकी कशानं चालते याचा अभ्यास केला, तेव्हा सगळ्यात ठळक कारण हेच निघालं: पिणारी सोबत कमी होते, न पिणारी वाढते. पण एवढ्यावर भागत नाही. ज्यांचं व्यसन जास्त मुरलेलं होतं, त्यांच्या बाबतीत आध्यात्मिक बदलाचाही वाटा दिसला. फार खोल गेलेल्याला नुसती नवी सोबत पुरत नाही; ‘एकच घोट घेऊन बघू’ हा आतला रोजचा वाद मिटवायला त्याला आपल्याहून मोठं कुणीतरी लागतं.

आकडे आणि इशारे

हे सगळं ऐकायला छान, पण उपयोग किती होतो? २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेनं २७ अभ्यास आणि १०,५६५ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. ए. ए. आणि तिच्याशी जोडून देणारे उपचार घेतलेल्यांपैकी वर्षभरानंतर सुमारे ४२ टक्के पूर्ण कोरडे होते. इतर मान्यताप्राप्त उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के. चर्चच्या तळघरात, फुकट, डॉक्टरविना चालणारी बैठक व्यावसायिक उपचारांच्या बरोबरीला येते, किंबहुना काकणभर पुढे जाते, हे आश्चर्य आहे. आणि या आकड्यातलं कटू सत्यही झाकू नये: निम्म्याहून जास्त लोक वर्षभरात कधीतरी प्यायले. म्हणून घसरलेल्याला दारातून परत न पाठवणं हा उपचाराचाच भाग आहे.

आणखी एक इशारा श्रद्धावंतांसाठी. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम दारू तोडली, तर दोन-तीन दिवसांत हातापायाला कंप, झटके, भास सुरू होऊ शकतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. या वेळी ‘फक्त प्रार्थना करा, गोळ्या फेका’ असं सांगणारा माणूस धोकादायक आहे, मग तो कुठल्याही धर्माचा असो. पहिले काही दिवस डॉक्टरांचे, औषधांचे, ब जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांचे. सिस्टर इग्नेशिया नन होत्या, पण त्यांनी आपलं काम दवाखान्यात आणि डॉक्टरच्या जोडीनं केलं, हे विसरू नये. सरकारची व्यसनमुक्तीची मोफत मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर आहे.

मग ढाणकीला काय उपयोग? २०१९ मध्ये एम्सनं केलेल्या राष्ट्रीय पाहणीत असं आढळलं, की दारूवर अवलंबून झालेल्या दर ३८ माणसांपैकी फक्त एकाला कसले ना कसले उपचार मिळतात. उरलेल्या ३७ जणांसाठी तालुक्या-तालुक्याला केंद्र, मानसोपचारतज्ज्ञ आणि खाटा उभ्या राहायला बरीच वर्षं लागतील. ते व्हायलाच हवं आणि त्यासाठी भांडायलाही हवं.

पण अॅक्रनच्या त्या फोनमधला हिशोब वेगळा आहे. उपचाराच्या बाकी सगळ्या पद्धतींत बरा झालेला माणूस घरी जातो आणि व्यवस्थेला पुढचा रुग्ण नव्यानं शोधावा लागतो. इथे बरा झालेलाच पुढच्याला शोधत फिरतो, कारण तसं केलं नाही तर तो स्वतः पुन्हा बुडेल. त्यात दया कमी आणि गरज जास्त असते, म्हणून ते टिकतं. बिलनं डॉ. बॉबला वाचवलं असं आपण म्हणतो. त्या संध्याकाळी आपला जीव वाचवायला गेला होता तो बिल. ढाणकीत अशी बैठक सुरू व्हायला इमारत लागणार नाही, देणगीदार लागणार नाही, कुणाचा धर्म बदलावा लागणार नाही. एक खोली, ठरलेली वेळ आणि आपण हरलो हे मोठ्यानं म्हणायला तयार असलेली दोन माणसं पुरतील. त्यातला एक सुटला, की तिसरा शोधणं हे त्याच्याच जिवाचं काम होऊन बसेल.